५०६ ॲट-बॅट: सेसिल फील्डरचं जपानला जाणं आणि परत येणं

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत असते. इथे ती पाळून उपयोग नाही. १९९० साली अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ५१ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे, थेट कुंपणापार जाणारे फटके) मारणारा बॅटर एकच होता, आणि ज्याला बेसबॉलची थोडीफार माहिती आहे त्याने दुसऱ्या ओळीतच त्याला ओळखलं असतं. म्हणून नाव उघड ठेवलंय.

त्या ५१ होम रनवर पुष्कळ लिहून झालंय. मला रस आहे तो त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत. १९८८च्या हिवाळ्यात टोरांटोने या माणसाला सोडलं. १९८९-९०च्या हिवाळ्यात डेट्रॉइटने त्याला उचललं. दोन्ही क्लबांसमोर माणूस एकच होता, मग निर्णय इतके उलटे कसे पडले?

पार्श्वभूमी

सेसिल फील्डर, जन्म १९६३, लॉस एंजेलिस. उजव्या हाताचा बॅटर, पहिल्या बेसवर उभा राहणारा, अंगाने दांडगा. वजनाचा कागदावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा ऐवज यांचा मेळ कधीच बसला नाही. कॅन्सस सिटी रॉयल्सने त्याला १९८२ साली निवडलं आणि वर्षभराच्या आतच, एका उतारवयातल्या आउटफिल्डरच्या बदल्यात, टोरांटो ब्लू जेजला देऊन टाकलं. १९८५च्या जुलैत तो टोरांटोच्या मुख्य संघात आला.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. बॅटर पिचरसमोर उभा राहिला आणि बाद झाला किंवा हिट मारली, की एक ॲट-बॅट मोजतात. चार वाईड चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस, म्हणजे वॉक, यात धरत नाहीत. रोज खेळणाऱ्या बॅटरला एका मोसमात साधारण साडेपाचशे ते सहाशे ॲट-बॅट मिळतात. दुसरी गोष्ट: उजव्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू सोपा जातो, असा बेसबॉलमधला जुना अनुभव आहे. त्यामुळे मॅनेजर अनेकदा एकाच जागेवर दोघांना ठेवतात. समोर डावखुरा पिचर असला की उजवा बॅटर, एरवी डावखुरा. याला प्लाटून म्हणतात. डावखुरे पिचर मुळात कमी, म्हणून प्लाटूनमध्ये उजव्याच्या वाट्याला नेहमी लहान घास येतो.

अडचण

फील्डरच्या वाट्याला तो लहान घासच आला. पहिल्या दोन वर्षांत त्याला धड खेळायलाच मिळालं नाही. १९८५मध्ये ७४ ॲट-बॅट, ४ होम रन. १९८६मध्ये ८३ ॲट-बॅट, पुन्हा ४ होम रन आणि सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट) .१५७, म्हणजे लाजिरवाणी. १९८७ साली १७५ ॲट-बॅटमध्ये १४ होम रन. १९८८ साली १७४मध्ये ९, सरासरी .२३०.

चार वर्षांची बेरीज केली तर ५०६ ॲट-बॅट आणि ३१ होम रन भरतात. पूर्ण वेळ खेळणाऱ्याच्या एका मोसमाएवढंसुद्धा हे भरत नाही. टोरांटोने चार वर्षं या माणसाला जवळ ठेवून त्याचा जेमतेम एक मोसम पाहिला, आणि तोही तुकड्यातुकड्यांत, आज खेळला की पुढच्या चार दिवसांनी असा. शिवाय त्या एका मोसमाएवढ्या खेळात ३१ होम रन होते! त्या काळात ३१ होम रन मारणाऱ्याला कोणी बाकावर बसवत नसे.

१९८७चा आकडा तर आणखी बोलका आहे. दर साडेबारा ॲट-बॅटला एक होम रन. पुढे १९९० साली, ज्या मोसमाने त्याचं नाव झालं, तेव्हाचा वेग होता दर सव्वाअकरा ॲट-बॅटला एक. म्हणजे जगाने नंतर तोंडात बोटं घातली तो वेग टोरांटोच्या वहीत तीन वर्षं आधीच जवळपास लिहिलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पण टोरांटोला वेड्यात काढण्याआधी त्यांच्या पहिल्या बेसवर कोण उभा होता ते पाहायला हवं. फ्रेड मॅकग्रिफ. फील्डरच्याच वयाचा, डावखुरा, आणि १९८८ साली ३४ होम रन मारलेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगांपैकी एक, दुसरी नॅशनल) सर्वाधिक होम रन मारणार होता आणि कालांतराने हॉल ऑफ फेममध्ये जाणार होता. फक्त फलंदाजी करणाऱ्या डीएचची दुसरी जागाही मोकळी नव्हती. १९८८च्या वसंतात मॅनेजरला आपला सर्वात मोठा बॅटर जॉर्ज बेल डीएच म्हणून हवा होता आणि बेलला ते मुळीच मान्य नव्हतं. त्या भांडणात क्लबचा पुष्कळ जीव गेला. अशा घरात तिसऱ्या दांडगोबाची बाजू कोण मांडणार?

समोरचे पर्याय

१९८८चा मोसम संपला तेव्हा फील्डर पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यासमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

टोरांटोतच राहायचं. मॅकग्रिफ दुखावला गेला तर संधी, नाहीतर पुन्हा पावणेदोनशे ॲट-बॅट. यात एक फसवी सोय होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. जो रोज खेळत नाही, तो रोज खेळला असता तर काय केलं असतं, हा प्रश्न त्याच्या बाजूनेच राहतो. बाकावर बसणाऱ्या बऱ्याच खेळाडूंची उमेद अशी झाकल्या मुठीतच संपते.

दुसरी वाट, मेजर लीगमधल्याच दुसऱ्या क्लबात जायचं. पण .२३० सरासरीचा, पळायला जड, फक्त पहिल्या बेसवर उभा राहू शकणारा बॅटर हवाय कोणाला? मिळाली असती तर तीही प्लाटूनचीच जागा.

तिसरी वाट जपानची. ओसाका-कोबे पट्ट्यातल्या हानशिन टायगर्सना परदेशी होम रनवाला हवा होता. पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या थोडा वर, टोरांटोतल्या पगाराच्या कित्येक पट. रोज खेळायची खात्री. पण त्या काळात जपानला जायचे ते बहुतेक उतरणीला लागलेले अमेरिकन. शेवटची चार पैशांची बेगमी करायला. पंचविशीतल्या मुलाने तिकडे जाणं म्हणजे घरचे दरवाजे आपणच लावून घेणं, असा समज होता.

त्या समजाला आधार होता. ज्याची जागा फील्डर घेणार होता तो रँडी बास हानशिनचा देवच. १९८५ साली ५४ होम रन, ट्रिपल क्राउन (सरासरी, होम रन आणि करून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये पहिला), आणि क्लबला पहिलं जपान सीरिजचं जेतेपद. त्या जल्लोषात खेळाडूंसारखे दिसणारे चाहते एकामागोमाग एक दोतोंबोरी कालव्यात उड्या टाकत होते. बाससारखा दाढीवाला गोरा कोणी सापडेना, तर केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला. तो थेट २००९ साली गाळातून वर निघाला. असा हा बास, १९८६ साली पुन्हा ट्रिपल क्राउन घेऊनही, मेजर लीगमध्ये परतला नाही. मुलाच्या आजारपणात तो १९८८ साली अमेरिकेला गेला आणि हानशिनने त्याला काढून टाकलं.

दुसरं उदाहरण त्याहून वाईट. बॉब हॉर्नर, अटलांटाचा नावाजलेला होम रनवाला. १९८७ साली टोकियोच्या याकुल्टकडून ९३ सामन्यांत ३१ होम रन. १९८८ साली सेंट लुइसने त्याला परत आणलं, तर मोसमभरात ३ होम रन, खांद्याची दुखापत, आणि कारकीर्द संपली. जपानचे होम रन अमेरिकेत चालत नाहीत असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा ताजा दाखला नको होता.

काय केलं

फील्डर जपानला गेला. माझ्या मते संपूर्ण कारकिर्दीतला हा एकच निर्णय खऱ्या अर्थाने त्याचा स्वतःचा. बाकीचे क्लबांनी घेतले.

कोशिएन स्टेडियम त्याला अनुकूल होतं. समुद्रावरून येणारं वारं उजव्या बाजूकडून डावीकडे वाहतं, डावखुऱ्यांचे उंच फटके गिळतं आणि उजव्यांना हात देतं. शिवाय १९९१पर्यंत तिथे आउटफिल्डमध्ये आतलं कुंपण होतं, लोक त्याला ‘लकी झोन’ म्हणत. तेव्हा तिथले काही होम रन स्वस्तातले होते हा आक्षेप खोटा नाही.

पण पिचर स्वस्तातले नव्हते. परदेशी दांडगोबाला जपानी पिचर सरळ वेगवान चेंडू सहसा देत नाहीत. वळणारा, खाली पडणारा, बाहेर जाणारा असाच मारा करतात आणि त्याच्या अधीरपणावर विसंबतात. वेगावर पोसलेल्या क्रिकेटच्या फलंदाजाला चेन्नईच्या पाचव्या दिवसाच्या खेळपट्टीवर उभं करावं, तशातला प्रकार. टोरांटोत फील्डरची नेमकी हीच दुखरी नस होती. फरक इतकाच की टोरांटोत एका दिवशी कर्व्हबॉलने फसवलं की पुढचा कर्व्हबॉल आठवड्याने दिसायचा. हानशिनमध्ये तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा समोर यायचा.

१०६ सामने, ३८ होम रन, ८१ धावा करून दिल्या (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या), सरासरी .३०२. दर दहा ॲट-बॅटला एक होम रन. सेंट्रल लीगचा होम रनचा किताब याकुल्टच्या लॅरी पॅरिशने ४२ मारून घेतला, पण फील्डरला पूर्ण मोसम मिळाला नाही. सप्टेंबरात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाल्यावर रागाने त्याने बॅट जमिनीवर आपटली, ती उसळून हातावर आली आणि बोट मोडलं. एका वर्षात शिकलेल्या संयमाची ही दुसरी बाजू, पण सोडून देऊ.

आता दुसरा हिवाळा. डेट्रॉइट टायगर्स १९८९ साली ५९ जिंकून १०३ हरले होते, मेजर लीगमधला सगळ्यात वाईट संघ. मॅनेजर स्पार्की अँडरसन त्या मोसमात थकव्याने काही काळ घरी बसला होता. अशा क्लबला जपानचा आकडा खरा मानायचा की हॉर्नरचा, हा प्रश्न होता. जानेवारी १९९०मध्ये त्यांनी फील्डरला दोन वर्षांसाठी ३० लाख डॉलर दिले. ज्याच्या नावावर मेजर लीगचे सगळे मिळून ३१ होम रन, त्याला ही रक्कम थोडी नव्हती.

डेट्रॉइट शहाणं होतं की गरजू? दोन्ही, आणि गरजू जास्त. त्यांच्या पहिल्या बेसवर मॅकग्रिफ नव्हता. फील्डर फसला असता तरी १०३ सामने हरणाऱ्या संघाचं आणखी काय बिघडणार होतं? त्याला एप्रिलपासून रोज उभं करणं त्यांना परवडत होतं. शर्यतीत असलेल्या टोरांटोला ते कधीच परवडलं नसतं. पण हॉर्नर आणि फील्डर यांतला फरक ओळखण्याचं श्रेय डेट्रॉइटला द्यायला हवं. हॉर्नर तिशीचा आणि दुखापतींनी पोखरलेला होता. फील्डर सव्वीसचा, बोट सोडलं तर धडधाकट.

निष्पत्ती

१९९० सालचा पहिला मोठा दणका बसला तो टोरांटोतच. ६ मे रोजी, जुन्या घरच्या संघाविरुद्ध, एकाच सामन्यात तीन होम रन. महिनाभराने क्लीव्हलंडमध्ये पुन्हा तीन. २५ ऑगस्टला ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टचा चेंडू त्याने टायगर स्टेडियमच्या डाव्या बाजूच्या छपरावरून बाहेर घालवला. डेट्रॉइटच्या कोणत्याही खेळाडूला तोवर हे जमलं नव्हतं.

सप्टेंबरअखेरीस तो ४९वर अडकला. दिवसामागून दिवस गेले, पन्नासावा काही येईना. ३ ऑक्टोबर, मोसमाचा शेवटचा दिवस, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. चौथ्या इनिंगमध्ये पन्नासावा, आठव्यात एक्कावन्नावा. अमेरिकन लीगमध्ये १९६१नंतर कोणी पन्नाशी गाठली नव्हती. दोन्ही लीग धरल्या तर शेवटचा १९७७चा जॉर्ज फॉस्टर, ५२ होम रन. त्या फॉस्टरचाही मॅनेजर स्पार्की अँडरसनच होता.

त्या वर्षीचं संपूर्ण पान वाचण्यासारखं आहे: ५७३ ॲट-बॅट, १३२ धावा करून दिल्या, ९० वॉक आणि १८२ स्ट्राइकआउट. दोन्ही शेवटचे आकडे एकत्र पाहायला हवेत. फील्डर बदलला नव्हता. तो तेवढाच झोडत होता, तेवढाच चुकत होता. फक्त वाईट चेंडू सोडणं त्याला आता जमत होतं. जपानने त्याला ताकद दिली, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. ताकद १९८७पासून होती.

डेट्रॉइट ५९ विजयांवरून ७९वर गेलं. १९९१ साली फील्डरचे ४४ होम रन, करून दिलेल्या धावा १३३. १९९२ साली ३५ आणि १२४. सलग तीन वर्षं मेजर लीगमध्ये सर्वाधिक धावा करून देणारा, हे बेब रूथनंतर (१९१९ ते १९२१) त्यालाच जमलं. एमव्हीपीच्या, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात मात्र दोन वेळा दुसरा: आधी रिकी हेंडरसनच्या मागे, मग कॅल रिपकनच्या. त्याचा सल त्याने लपवला नाही.

१९९३च्या जानेवारीत डेट्रॉइटने पाच वर्षांचा ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर ३०, २८, ३१ होम रन. वाईट नाही, पण त्या पैशाला शोभेल असंही नाही. वजन वाढत गेलं, पाय जड होत गेले. कारकिर्दीतला पहिला चोरलेला बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा बेस) त्याला १९९६च्या एप्रिलमध्ये मिळाला, १०९७व्या सामन्यात. मिनीॲपोलिसमधल्या परक्या प्रेक्षकांनीही त्याला मनापासून टाळ्या दिल्या.

त्याच वर्षी ३१ जुलैला त्याला न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकलं. वर्ल्ड सीरिजचे (दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) अटलांटातले सामने नॅशनल लीगच्या नियमाने, म्हणजे डीएचशिवाय होते. मॅनेजर जो टोरीने रोजचा पहिला बेसमन टिनो मार्टिनेझला बसवून फील्डरला उभं केलं. पाचवा सामना १-० असा सुटला. तो एकुलता एक रन फील्डरच्या डबलवर, म्हणजे बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यावर, आला. टोरांटोत जो पहिला बेस त्याला कधी मिळाला नाही, तो वर्ल्ड सीरिजमध्ये दुसऱ्या कुणाला उठवून त्याला दिला गेला. १९९८ साली तो थांबला तेव्हा खात्यावर ३१९ होम रन होते.

वेगळं काय करता आलं असतं

टोरांटोने फील्डर ठेवायला हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. मॅकग्रिफ असताना ते शक्य नव्हतं, आणि पुढे त्याच मॅकग्रिफच्या अदलाबदलीत आलेल्या रॉबर्टो अलोमार आणि जो कार्टर यांच्या जोरावर त्यांनी १९९२ आणि १९९३ची जेतेपदं मिळवली. तक्रार करायला त्यांच्याकडे जागा नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. १९८७नंतर, १४ होम रन ताजे असताना, त्याची किंमत सर्वाधिक होती. तेव्हाच त्याला अमेरिकेतल्या एखाद्या पडक्या संघाला देऊन चांगला पिचर घेता आला असता. त्यांनी आणखी एक वर्ष त्याला प्लाटूनमध्ये भिजत घातलं, सरासरी .२३०वर आणली आणि मग विकलं.

डेट्रॉइटच्या पाच वर्षांच्या कराराबद्दल मी दोन मनांत आहे. ओसाड पडत चाललेल्या शहरात, जुन्या स्टेडियममध्ये, लोक ज्याच्यासाठी तिकीट काढत होते तो हा एकच माणूस. त्याला सोडलं असतं तर तिकीटखिडकीवर काय सांगणार? पण एकोणतिशीच्या, वजनाने झगडणाऱ्या, फक्त फटक्यावर जगणाऱ्या बॅटरला तीन वर्षं पुरेशी होती. उरलेली दोन वर्षं कामगिरीशी बांधता आली असती.

आणि हानशिन. या कथेत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. बास गेल्यावरच्या वर्षी त्यांनी जोखीम घेतली, अमेरिकेने टाकलेल्या मुलाला दहा लाख डॉलर, दुभाष्या, रोजची जागा आणि आठवड्याला पन्नास कर्व्हबॉल दिले, आणि बारा महिन्यांनी तो तयार माल घेऊन डेट्रॉइट निघून गेलं. १९९०मध्ये हानशिनने त्या ४२ होम रनवाल्या लॅरी पॅरिशला आणलं. त्या मोसमात संघ शेवटचा आला. करारात दुसऱ्या वर्षाचा हक्क आपल्याकडे ठेवायला त्यांना किती पडलं असतं, हा हिशोब मी अनेकदा करून पाहिलाय. फील्डर पंचविशीत असताना, त्याच्या हातात दुसरं काहीच नसताना, तो फार महाग पडला नसता.